हिंसाचार पाहिलेलं मूल पुन्हा उभं कसं राहतं? मालेगाव, वळिवडे आणि कुपवाड्याचा धडा

८ सप्टेंबर २००६. जुम्याचा दिवस, त्यात शब-ए-बरात. मालेगावात हमीदिया मशीद आणि बडा कब्रस्तानचा परिसर माणसांनी फुललेला होता. नमाज संपवून लोक बाहेर पडत असतानाच तिथे आणि जवळच्या मुशावरत चौकात बॉम्बस्फोट झाले. तीसहून अधिक माणसं गेली, तीनशेहून अधिक जखमी झाली. त्यांत लहान मुलं बरीच होती, कारण शब-ए-बरातला मुलं वडिलांचं बोट धरून कब्रस्तानात येतातच. दोन वर्षांनी, २९ सप्टेंबर २००८ ला, रमजानमध्ये भिक्कू चौकात पुन्हा स्फोट झाला. सहा जण गेले. त्याआधी ऑक्टोबर २००१ ची दंगल आणि पोलीस गोळीबार याच शहराने पाहिला होता.

म्हणजे १९९५-९६ च्या सुमारास मालेगावात जन्मलेल्या मुलाने वयाची तेरा वर्षं पूर्ण होईपर्यंत हे सगळं आपल्या गल्लीत, नाहीतर शेजारच्या गल्लीत पाहिलं. आज तो तिशीच्या आसपास आहे. कदाचित पॉवरलूमवर आहे, कदाचित नाशिकला किंवा मुंबईला नोकरीला आहे, स्वतः बाप झाला आहे. स्फोटाच्या खटल्यांबद्दल आपण खूप वाचलं. कोण पकडले गेले, कोण सुटले, कोणत्या तपास यंत्रणेने काय म्हटलं, हे आपल्याला तोंडपाठ आहे. पण त्या दिवशी तिथे असलेल्या मुलांच्या मनाचं पुढे काय झालं, याची फाईल कुठल्याही कार्यालयात नाही.

कायद्यात मात्र या मुलांची जागा आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ मध्ये 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक' कोण, याची व्याख्या आहे. सशस्त्र संघर्ष, नागरी अशांतता किंवा नैसर्गिक आपत्ती यांचा फटका बसलेलं मूल त्यात स्पष्टपणे मोडतं. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचं ३९ वं कलम तर पूर्णपणे याच विषयावर आहे: अशा मुलाच्या शरीराची आणि मनाची जखम भरून यावी, त्याला समाजात पुन्हा सामावून घेतलं जावं, याची जबाबदारी सरकारवर आहे. भारताने ही संहिता डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारली. दंगल आणि बॉम्बस्फोट हे युद्ध नव्हे, हे खरं. पण सहा वर्षांच्या मुलाला हा फरक कळत नाही. त्याच्यासाठी आवाज, रक्त आणि आईची किंचाळी सारखीच असते, मग ती मालेगावची असो, गडचिरोलीची असो की गाझाची.

मुलाच्या आत काय होतं

आपल्या शरीरात धोक्याची एक घंटा असते. धोका आला की ती वाजते, काळीज धडधडतं, हातपाय ताठ होतात, माणूस पळतो किंवा गोठून जातो. धोका टळला की घंटा थांबायला हवी. भयंकर काही पाहिलेल्या मुलाच्या बाबतीत ती थांबत नाही, किंवा उगाच वाजू लागते. डॉक्टर ज्याला ट्रॉमा म्हणतात ते साध्या भाषेत एवढंच आहे.

मालेगावचे २००६ चे बॉम्ब सायकलींवर ठेवले होते, असं तपासात पुढे आलं. आता विचार करा, ज्या मुलाने तो स्फोट पाहिला त्याला दुकानाबाहेर उभी असलेली रिकामी सायकल दिसली तर काय होईल? ते थांबेल, हात घट्ट धरेल, रस्ता बदला म्हणेल. मोठ्यांना हा हट्ट वाटतो. लग्नाच्या वरातीतले फटाके, दिवाळीतला सुतळी बॉम्ब, गॅस सिलिंडर आपटल्याचा आवाज, बंद पडलेला लूम एकदम सुरू झाल्याचा खडखडाट, यांतल्या कशानेही ती घंटा वाजू शकते.

लहान मुलं तोंडाने सांगत नाहीत, अंगाने सांगतात. पाच वर्षांचं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागतं, आईचा पदर सोडत नाही, बोलता बोलता तोतरं होतं. आठ-दहा वर्षांच्या मुलाचं शाळेच्या वेळी पोट दुखतं, डोकं दुखतं, आणि तपासण्यांत काही निघत नाही. ते एकच खेळ पुन्हा पुन्हा खेळतं: गाडी येते, फुटते, सगळे मरतात. आपण ओरडतो, "हा काय मनहूस खेळ!" पण समजून घेण्याचा त्याचा तोच मार्ग असतो. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा गप्प तरी होतो, नाहीतर घरात दरवाजे आपटू लागतो, अभ्यास सोडतो, गुटखा आणि रात्रीच्या नाक्याकडे वळतो. मुलींचं गप्प होणं तर कुणाच्या लक्षातच येत नाही. उलट शेजारणी कौतुक करतात, किती सब्रवाली पोर आहे म्हणून. या विषयात मला सगळ्यात जास्त काळजी या शहाण्या, शांत मुलींची वाटते.

पहिल्या काही आठवड्यांत हे सगळं होणं साहजिक आहे, आजार नव्हे. बहुतेक मुलं घरच्यांच्या आधाराने सावरतात, त्यांना औषध लागत नाही, मानसोपचाराचीही गरज पडत नाही. महिना उलटून गेला तरी झोप नाही, भीती कमी होत नाही, मूल शाळेत जात नाही, खाणं सुटलंय, किंवा ते मरणाची भाषा बोलतंय, तर मात्र डॉक्टर गाठायलाच हवा. मरणाची भाषा असेल तर महिन्याचीही वाट पाहायची नाही, त्याच दिवशी.

इथे आपल्या घराघरांतली एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. मूल रात्री किंचाळत उठलं की दादी म्हणते, "असर झालाय, घाबरलंय पोर, दम करून आणा." दुआ करा, आयतुल कुर्सी पढून फुंका, त्याने मुलाला आणि आईलाही धीर येतो, यात वाईट काही नाही. उलट दादीचा हात डोक्यावर असणं हेच निम्मं औषध आहे. पण आमिलकडे मुलाला बांधून ठेवणं, धुरी देणं, मारणं, जिन काढायच्या नावाखाली दहा माणसांसमोर बसवणं, हे त्या मुलावर दुसरा हल्ला करण्यासारखं आहे. ज्याने एकदा बेबस असण्याचा अनुभव घेतलाय त्याला पुन्हा बेबस करायचं नाही, एवढी एकच कसोटी लावा.

पहिले दिवस: काय बोलायचं, काय नाही

पूर्वी समज होता की प्रसंगानंतर लगेच सगळ्यांना बसवून "जे पाहिलं ते सगळं सांगून टाका, मन मोकळं होईल" असं करावं. आता जागतिक आरोग्य संघटना असं एका बैठकीत सगळं वदवून घेऊ नका, असंच सांगते. त्याने फायदा दिसत नाही, काहींना त्रासच होतो. संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची एक पुस्तिका काढली. तिचा गाभा तीन क्रियापदांत मावतो: पाहा, ऐका, जोडून द्या. मुलाला काय हवंय ते पाहा. ते बोललं तर ऐका, नाही बोललं तर खोदू नका. मग ज्याची गरज आहे त्याच्याशी जोडून द्या: आईशी, शाळेशी, डॉक्टरशी.

याचा उलटा टोकाचा प्रकार आपल्याकडे जास्त चालतो: "विसरून जा, त्या दिवसाचं नाव काढायचं नाही." मूल विसरत नाही. फक्त हे बोलायचं नसतं एवढं शिकतं आणि एकटं पडतं. त्याने विचारलं, "अम्मी, पुन्हा होईल का?" तर "कधीच होणार नाही" असं खोटं वचन देऊ नका. मालेगावात २००६ नंतर २००८ आलंच. "आत्ता आपण घरी आहोत, मी तुझ्याजवळ आहे, दरवाजा लावलाय" हे खरं आहे आणि पुरेसंही आहे.

घरात कुणी दगावलं असेल तर ही गोष्ट आणखी महत्त्वाची. बाप गेलेला असतो आणि लहान मुलाला सांगितलं जातं, अब्बू दुबईला गेलेत, हजला गेलेत. सहा महिने ते दाराकडे बघत बसतं. मग मकतबमध्ये दुसरा पोरगा सांगतो की तुझे अब्बू तर मेले. त्या दिवशी त्याचे अब्बू पुन्हा जातात, आणि घरच्यांवरचा विश्वासही जातो. लहानातल्या लहान मुलालाही साध्या शब्दांत सांगता येतं: अब्बूंचा इंतकाल झाला, त्यांचं शरीर आता चालत नाही, त्यांना दुखतही नाही, ते परत येणार नाहीत, आपण त्यांच्यासाठी दुआ करू. एकदा सांगून भागत नाही. मूल तोच प्रश्न वीस वेळा विचारेल आणि वीस वेळा तेच उत्तर द्यावं लागेल.

आणखी एक चाल आपल्याकडे आहे. बाप गेला, आई इद्दतमध्ये बसली, घरात माणसांची ये-जा, म्हणून मुलांना "मन रमेल" म्हणून खालाकडे, नानीकडे दुसऱ्या गावी पाठवतात. हेतू चांगला असतो. पण मुलाने नुकताच बाप गमावला आहे, आता आईही डोळ्यांआड झाली. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा अॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोघी तिथे लहान मुलांची पाळणाघरं चालवत होत्या. १९४३ मध्ये त्यांनी आपली निरीक्षणं प्रसिद्ध केली. आईच्या कुशीत बॉम्बहल्ला सोसलेली मुलं त्यामानाने सावरली. सुरक्षित खेड्यात पाठवलेली पण आईपासून तुटलेली मुलं जास्त विस्कटली. या दृष्टीने पाहिलं तर इद्दतचे चार महिने दहा दिवस मुलासाठी वरदान ठरू शकतात. आई घरातच आहे, हातापाशी आहे. शाळेची, रेशनची, सरकारी कार्यालयांची बाहेरची धावपळ चाचा-मामूंनी उचलावी आणि मुलांना आईजवळ राहू द्यावं.

बाकी जे काम करतं ते दिसायला फारच साधं आहे. ठरलेल्या वेळी जेवण, ठरलेल्या वेळी झोप, सकाळी तोच मकतब, तीच शाळा, संध्याकाळी तोच खेळ. रोजचा दिवस ओळखीचा झाला की आतली घंटा हळूहळू शांत होते. घरातली छोटी कामं त्याच्याकडे द्या, पाणी भरणं, भावाला शाळेत सोडणं. त्याला आपला उपयोग आहे असं वाटलं पाहिजे. मात्र दहा वर्षांच्या मोठ्या मुलाला "आता तूच घरातला मर्द" असं म्हणून बापाच्या खुर्चीत बसवू नका. ते ओझं त्याच्या पाठीला पेलणारं नसतं.

कोल्हापूरजवळची पोलिश मुलं

युद्धाने मोडलेल्या मुलांना उभं करायचं काम महाराष्ट्राने एकदा फार मोठ्या प्रमाणावर केलं आहे, आणि ते आपल्याला शाळेत कुणी शिकवत नाही. १९४० मध्ये सोव्हिएत फौजांनी लाखो पोलिश लोकांना घरांतून उचलून सैबेरिया आणि मध्य आशियात नेलं. १९४१ मध्ये सुटका झाली तेव्हा उपासमारीने आणि रोगराईने आईबाप गमावलेली हजारो मुलं इराणमध्ये पोचली. इस्फहान शहराने दोन हजारांहून अधिक मुलांना सांभाळलं, इतकं की पोलिश लोक आजही त्याला पोलिश मुलांचं शहर म्हणतात. तिथून काही मुलं भारतात आली. जामनगरच्या जामसाहेबांनी १९४२ मध्ये बालाचडीला त्यांच्यासाठी छावणी उभारली, आणि १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ वळिवड्याला मोठी वसाहत वसली. जवळपास पाच हजार माणसं, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. ती १९४८ पर्यंत तिथे राहिली.

वळिवड्याला काय केलं गेलं? मानसोपचारतज्ज्ञांची फौज नव्हती. शाळा होत्या, मुलांच्या स्वतःच्या भाषेत. त्यांचं प्रार्थनास्थळ होतं, दवाखाना होता, स्काउटची पथकं होती, नाटकं होत होती. कोल्हापूरकर बाजारात त्यांना आपल्यातलेच समजून वागवत. त्यांना मराठी करायचा किंवा धर्म बदलायचा प्रयत्न झाला नाही. सैबेरियात भाऊ मेलेला पाहिलेली मुलं त्या पत्र्याच्या आणि कौलारू घरांत परीक्षा द्यायला लागली. त्यांतली कित्येक म्हातारपणी परत कोल्हापुरात आली. महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान वॉर्साला गेले तेव्हा तिथल्या कोल्हापूर स्मारकालाही त्यांनी भेट दिली.

आपली भाषा, आपली नमाज किंवा प्रार्थना, आपली शाळा आणि बाहेर सन्मानाने वागवणारा शेजार. हे चार खांब असले तर फार भयंकर अनुभव घेतलेलं मूलही घर बांधू शकतं.

कुपवाडा की पुणे?

हाच प्रश्न काश्मीरच्या निमित्ताने पुन्हा महाराष्ट्रासमोर आला. पुण्यात शिकत असताना १९९७ मध्ये पहिल्यांदा काश्मीरला गेलेल्या अधिक कदम यांनी बॉर्डरलेस वर्ल्ड फाउंडेशनमार्फत २००२ मध्ये कुपवाड्यात अनाथ मुलींसाठी 'बसेरा-ए-तबस्सुम' नावाचं घर सुरू केलं. पुढे अनंतनाग, बडगाम आणि जम्मूतही अशी घरं झाली. कुणाचा बाप अतिरेक्यांनी मारलेला, कुणाचा सुरक्षा दलांच्या गोळीने गेलेला, अशा मुली एकाच छताखाली वाढल्या. बाप कोणत्या बाजूने मारला गेला याची चौकशी न करता मुलीला घर द्यायचं, ही त्यातली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट. दुसरीकडे संजय नहार यांच्या 'सरहद' संस्थेने काश्मिरी मुलांना पुण्यात आणून शिकवलं.

दोन्ही कामं मराठी माणसांनी केली, दोन्हींची गरज होती. तरी माझं मत विचाराल तर लहान वयात मुलाला आपल्याच मातीत, आपल्याच भाषेत, शक्य तर नातेवाइकांत ठेवणं बरं. मोठं झाल्यावर कॉलेजसाठी बाहेर पडणं वेगळं. आपल्या समाजात यतीमखान्यांची परंपरा जुनी आहे, आणि यतिमाशी कसं वागावं हे सूरह अज़-ज़ुहा पाठ असलेल्या कुठल्याही मुलाला ठाऊक असतं. पण आज अनेक ठिकाणी आई जिवंत असतानाही केवळ गरिबीमुळे मूल वसतिगृहात टाकलं जातं. जकात आणि सदक्याचे तेच पैसे आईच्या हातात दर महिन्याला पोचले तर मूल घरीच वाढेल. मोहल्ल्याच्या बैतुलमाल कमिट्यांनी यावर गंभीरपणे बसून विचार करावा.

दुसरी जखम समाज देतो

आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये १९९१ ते २००२ युद्ध चाललं. हजारो मुलांच्या हातात बंदुका दिल्या गेल्या. थेरेसा बेटनकोर्ट यांच्या गटाने अशा मुलांचा २००२ पासून अनेक वर्षं पाठपुरावा केला. युद्धात काय पाहिलं, काय केलं, याचा परिणाम होताच. पण गावी परतल्यावर काय झालं याचाही तेवढाच झाला. ज्यांना घराने जवळ घेतलं, शाळेने बाकावर बसवलं, शेजाऱ्यांनी नाव ठेवलं नाही, ती मुलं सावरत गेली. ज्यांना 'तो तसला' म्हणून दूर ठेवलं गेलं, त्यांची घसरण होत राहिली.

आता मालेगावला परत या. २००६ च्या स्फोटात आधी नऊ मुस्लिम पुरुष पकडले गेले. त्यातले सात जण नोव्हेंबर २०११ मध्ये जामिनावर सुटले आणि एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने या प्रकरणातून त्यांना दोषमुक्त केलं. २००८ च्या खटल्यात वेगळे आरोपी होते. ३१ जुलै २०२५ रोजी तेही सातही निर्दोष सुटले. न्यायाचा हिशेब हा इथला विषय नाही. पण २००६ ते २०१६ ही दहा वर्षं एखाद्या मुलाचं अख्खं बालपण असतात. बाप तुरुंगात, वर्तमानपत्रात त्याचा फोटो, आणि शाळेत मधल्या सुट्टीत कानावर पडणारा तो शब्द. त्या मुलाने बॉम्ब फुटताना पाहिला नसेलही, तरी त्याची जखम कमी नाही. आणि खरं सांगायचं तर हा शब्द नेहमी बाहेरच्यांनीच वापरला असं नाही. अशा घरांशी सोयरीक नको, त्यांच्या दारात जायला नको, हे आपल्याच मोहल्ल्यांत बोललं जातं.

गाझामध्ये १९९० साली डॉ. इयाद अल-सर्राज यांनी मानसिक आरोग्याचं केंद्र सुरू केलं. आपल्या डोळ्यांसमोर बापाला सैनिकांनी मारताना, अपमानित करताना पाहिलेली मुलं हा त्यांच्या कामातला कायमचा विषय होता. ज्याच्या भरवशावर आपण आहोत तोच लाचार झालेला पाहणं मुलाला आतून हलवतं, आणि पुढे ते ताकद कुठे दिसेल तिकडे ओढलं जातं. रात्री घरातून बापाला नेलेलं पाहिलेल्या मुलाशी मामूने, उस्तादाने, शेजाऱ्याने बापाबद्दल इज्जतीने बोलणं म्हणूनच उपकार नव्हे, उपचार आहे.

शिक्षकांचा वाटा यात फार मोठा. वर्गात मूल एकदम गप्प झालं, दचकलं, तर सगळ्यांसमोर विचारू नका. दाराजवळच्या बाकावर बसू द्या, बाहेर जावंसं वाटलं तर खूण ठरवा. चिडवणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी आहे. घर बदलावं लागलं, वर्ष वाया गेलं, तरी सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयानुसार इयत्तेत प्रवेश मिळतो. दाखला उशिरा आला, सत्र सुरू झालं, ही कारणं सांगून शाळा परत पाठवू शकत नाही.

नाशिक जिल्ह्यात कुठे जायचं

बालकल्याण समिती आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष ही दोन नावं लक्षात ठेवा. वर सांगितलेल्या व्याख्येत बसणाऱ्या मुलासाठी अर्ज इथे करायचा. पालक गमावलेल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, त्यात दरमहा २२५० रुपये मिळतात आणि मूल घरीच राहतं. जातीय किंवा दहशतवादी हिंसाचारात आधार गमावलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी राष्ट्रीय सांप्रदायिक सद्भाव प्रतिष्ठानची मदत असते, तिचा रस्ता जिल्हाधिकारी कार्यालयातून जातो. कागद लागतात: मृत्यूचा दाखला, एफआयआरची प्रत, रेशनकार्ड, शाळेचं बोनाफाईड. हे गोळा करून द्यायचं काम मोहल्ल्यातल्या शिकलेल्या दोन मुलांनी हाती घेतलं तरी दहा घरांची खेप वाचते.

मनाच्या त्रासासाठी जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. प्रवास जमत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे. तो ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, आणि मराठीत बोलता येतं. मूल संकटात असेल तर १०९८. मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलं की मुलगी 'पागल' ठरेल, लग्न जुळणार नाही, या भीतीने कित्येक आया थांबतात. ती भीती खोटी नाही, समाज तसा आहे. म्हणून सांगते, पहिला फोन करायला कुणाला कळवायची गरज नाही, घरातूनच होतो. मुलांसाठीच्या उपचारात गोळ्या पहिल्या नसतातच. चित्रं, खेळ, श्वास, आणि सुरक्षित जागी हळूहळू त्या प्रसंगाकडे पाहायला शिकवणं, असं ते असतं. आईबापांनाही सोबत बसवतात.

मोबाईलबद्दल दोन शब्द. गाझातले व्हिडिओ आपल्या घरांत दिवसरात्र फिरतात. आपलं मन दुखतं, ते साहजिक आहे. पण दस्तरखानावर चार वर्षांच्या पोरासमोर ढिगाऱ्यातून निघालेलं मूल दाखवणं म्हणजे त्याच्यात हमदर्दी जागवणं नाही. त्याला वाटतं हे आपल्याच गल्लीत चाललंय. ज्या घरात आधीच हिंसा होऊन गेली आहे तिथे तर हे जखमेवरची खपली काढण्यासारखं. मोठ्या मुलांशी त्याबद्दल जरूर बोला, आधी स्वतः पाहून, सोबत बसून, आणि शेवटी दुआ किंवा मदतीचं काही ठोस काम त्यांच्या हाती देऊन.

आणि शब-ए-बरात. इस्लामी तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, त्यामुळे मालेगावच्या त्या घरांमध्ये हा दिवस वर्षातून दोनदा येतो: एकदा सप्टेंबरच्या आठ तारखेला, एकदा शाबानच्या पंधराव्या रात्री. दोन्हींच्या आठवडाभर आधीपासून झोप उडणं, चिडचिड, अंगदुखी सुरू होऊ शकते, आणि तिशीतल्या माणसालाही ते का होतंय हे समजत नाही. घरच्यांनी आधीच कॅलेंडर पाहून ठेवावं. कब्रस्तानात जायचं की घरी बसून फातिहा पढायची, हे त्याचं त्याला ठरवू द्यावं. गेला तर सोबत कुणीतरी जावं, गर्दी ओसरल्यावर जावं, आणि त्याला निघावंसं वाटलं की त्या क्षणी निघावं. नाही गेला तर "तू अब्बूंच्या कबरीवर येत नाहीस?" असं कुणी विचारू नये.